कोमट पाणी

गंगावेशीत हेर्लेकर डॉक्टरांकडं
बावीस वर्षं कंपाउंडर होतो मी.
सकाळी स्टोव्हवर पातेलं,
त्यात काचेची सिरिंज, दोन सुया.
दुपारी गर्दी वाढली की
पाण्याला उकळी यायची सवड नसायची.

गोळीवर कुणाचा विश्वास? "सुई मारा की वो!"
तालमीतली पोरं तर दंड पुढं करूनच यायची
ताकदीच्या लाल इंजेक्शनाला.
इलाही मुल्लाणी त्यातलाच.

परवा सीपीआरच्या बाकावर भेटला.
लेकाच्या ऑपरेशनला रक्त द्यायला गेला,
तर रक्तच नाकारलं.
"हेपटायटिस सी म्हणं.
दुखलं न्हाई, खुपलं न्हाई,
तीस वर्षं लिव्हरात बिऱ्हाड करून बसलाय."

तपासणीवाली बाई सांगत होती,
शंभरात एखाद्याला असतो,
बहुतेकांना पत्ताच नसतो.
एका ताटात जेवून होत नाही, गळाभेटीनं नाही;
रक्ताला रक्त भेटावं लागतं:
सुई, वस्तरा, गोंदणवाल्याचं यंत्र.

शंभरात एक.
मी आमचे बाजाराचे दिवस मोजत बसलो,
मग सोडून दिलं.

इलाहीनं अर्धा चहा बशीत ओतून पुढं केला.
"बारा आठवडं गोळ्या. जातोय म्हणत्यात."
मी प्यालो.

सुया धुताना माझ्या बोटात
किती वेळा घुसल्या, कुणी लिहून ठेवलंय?
बाही वर केली.
बाईनं नव्या सुईचं पाकीट टर्रकन फाडलं.

बावीस वर्षांत
हा आवाज आमच्या दवाखान्यात
एकदाही झाला नव्हता.