अकरा सेकंद

सिनेमात मी अकरा सेकंद आहे.
मोजले. सवयच ती. पोलोग्राउंडला, वीज मंडळात,
बावीस वर्षं मीटर तपासते मी.
सहा सेकंद ओट्यापाशी,
पाच सायकलवर.

ओट्याचं असं झालं,
दिग्दर्शक बाई म्हणाल्या, ताई, जरा पोळ्या लाटा ना,
आधी घर, मग रस्ता, असं जोडू.
पोळ्या आमच्याकडे हे करतात.
माझी निघाली जुन्या मध्य प्रदेशासारखी,
छत्तीसगड तुटायच्या आधीच्या.
तीच आली पडद्यावर, मागे बासरी,
खाली पट्टी : गृहिणी.

इम्तियाजला चाळीस सेकंद आणि व्हायोलिन.
सियागंजात रंगाचं दुकान त्याचं, गुडघ्याखाली डावा पाय फायबरचा.
'पाय काढून दाखवाल?' विचारलं, तेव्हा म्हणाला होता,
'काढतो भिया, पहले आप चश्मा उतारो.'
हे वाक्य त्यांनी ठेवलं नाही.
पाय ठेवला.

उरलेला तास-सव्वा तास
विजयनगरचे दोघे, त्यांच्या कार्बनच्या सायकली,
नर्मदेवर घिरट्या घालणारा ड्रोन.
पोस्टरवर मात्र आम्ही सगळे. मी तर मधोमध.

इंदूर ते सेंधवा आणि परत.
तीनशे किलोमीटर, वीस तासांच्या आत.
मला लागले एकोणीस तास बावन्न मिनिटं.
हा आकडा सिनेमात कुठेच नाही,
आणि त्याच रागात मी खुर्चीत बसले होते
तेव्हा ते पाच सेकंद आले.

भेरूघाट. रात्रीचे साडेदहा.
मी उतरून सायकल ढकलते आहे,
तोंड उघडं, ओढणी नाही, हेल्मेट वाकडं.
आणि चौकटीच्या डाव्या कडेला
अर्धं चाक.
आऱ्यांत गुंडाळलेली नारिंगी वायर.

केरम डावर.
खाली ढाब्यावर भांडी घासून
रोज रात्री घाट चढून घरी जाणारा.
गिअर नाही, दिवा नाही, कॅरिअरवर पिठाची गोणी.
'रोज?'
'रोज.'
मग त्यानं विचारलं, इस में कित्ते मिलते?
म्हटलं, मिळत नाहीत, उलट भरावे लागतात.
तो इतका हसला
की गोणी सरकली. आम्ही दोघांनी पुन्हा बांधली.
माझी चेन उतरली तर त्यानं अंधारात बोटांनीच चढवली,
आणि काळं बोट पिठाच्या गोणीला नाही,
स्वतःच्या मांडीला पुसलं.

तेवढ्यात मागून कॅमेऱ्याची गाडी.
उजेड.
'भैया, साइड में! फ्रेम में आ रहे हो!'

तो बाजूला झाला.
सवयीनं झाला, जसा ट्रकला होतो.

मी काय म्हटलं?
आठवून आठवून पाहिलं.
मी हेल्मेट सरळ करायला गेले होते,
तेही नीट जमलं नाही,
एवढंच पडद्यावर दिसतं.

दिवे लागले. टाळ्या.
कुणीतरी म्हणालं, किती तऱ्हेतऱ्हेची माणसं दाखवलीत हो.
माईक फिरत फिरत माझ्याकडे आला.
पट्टी चुकली हे सांगायचं होतं.
मीटर, बावीस वर्षं, बावन्न मिनिटं,
पोळ्या कोण करतं,
सगळं पाठ करून आले होते.

मीटर वाचताना डावीकडून सुरुवात करायची,
नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी.
डावा आकडा सुटला
तर बाकीचे कितीही बरोबर असू देत.

म्हटलं, जरा मागे घ्या.
घाटापाशी.
नाही, मला नका बघू, डावीकडे बघा.

'मॅडम, बाहेर पोहे लागलेत,' यंत्रावरचा मुलगा म्हणाला,
'थंड होतील.'
निम्मा हॉल उठला होता. इम्तियाज बसून राहिला.

होऊ देत, म्हटलं.
आणखी थोडं मागे.
आणखी.