डावे आटे

चाळकेवाडीच्या सड्यावर, पवनचक्क्यांच्या सावल्या
गवत कापत जात होत्या, तेव्हा कळलं
पुढचं डावं चाक बोलतंय.
टक. टक. मग जरा थांबून, टक.
उतरून मोजले. पाचाच्या जागी तीन,
त्यातला एक नुसत्या बोटानं फिरणारा.
मागच्या उजव्या चाकाचा एक उसना घ्यायला गेलो,
तो धरेचना.
मी धुळीला दोष दिला.
पहिल्या गिअरात बोरणे घाट उतरलो,
मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत : जा बाबा, तू पुढं जा.

पोवई नाक्याच्या अलीकडं शिकलगारांचं दुकान,
बोळाएवढं रुंद.
दस्तगीरभाई चष्मा कपाळावर ठेवून म्हणाले,
"डावं का उजवं?"
म्हटलं, चाकाचे नट हवेत हो.
"तेच इचारतोय. जुनी जीप न्हवं?"

तेवीस वर्षं जनावरांचा डॉक्टर,
त्यातली नऊ ह्याच जीपमधून,
आणि मला ठाऊक नव्हतं
की माझ्या गाडीची डावी बाजू
उलटी आवळतात.
त्यांनी माझा नट रॉकेलच्या फडक्यानं पुसला.
कडेला बारीक एल कोरलेला होता.
मेढ्याचा तो पोरगा आठवला,
पंक्चरच्या वेळी पान्यावर दोन्ही पायांनी नाचलेला,
"लई जाम हाय, डॉक्टर!"
तो सोडवत नव्हता. आवळत होता.
वर मी त्याला वीस रुपये जास्त दिले होते.

आधी त्यांनी चकचकीत काढले, लाल कागदातले,
अंगठ्या दाखवाव्यात तसे.
"हे वरातीच्या गाड्यांना." परत ठेवले.
मग दुसरे. "ह्याचं बूड गोल, तुमच्या चाकाचं भोक उतरतं.
बसंल. बसल्यागत दिसंल."
पुढचं बोललेच नाहीत.
शेवटी फळीमागून हॉर्लिक्सची बरणी निघाली,
तेलकट कागदात काळे, जड,
निमुळत्या बुडाचे आठ नट.

गल्ल्याशेजारी शेगड्यात एक स्टड अडकवलेला होता.
त्यावर एकेक चढवताना
ते रस्त्यावरची कऱ्हाडची एस्टी बघत होते,
नटाकडं नाही.
मी मात्र त्यांच्या बोटांकडं बघत राहिलो.
ते मला ठाऊक आहे.
खांद्यापर्यंत डावा हात म्हशीच्या आत,
नजर गोठ्याच्या कुडावर कुठंतरी,
आणि बोटं आपली आपण चाचपत जातात :
एक खूर, दुसरा खूर,
मग, देवाची कृपा असेल तर, नाक.

"ह्यो न्हाय," ते म्हणाले. "तिसऱ्या आट्याला अडला."
पाना मारला तर जाईल की?
"जाईल. पाना मारला की सगळंच जातं.
स्टड खाऊन जाईल."

डावा महाग होता. मागत नाही म्हणे कोणी.
पाच घेतले, पायरी उतरलो,
परत फिरून उरलेले दोनही घेतले.
बिल त्यांनी डाव्या हातानं लिहिलं,
शाई पुसू नये म्हणून मनगट वाकवून.
"पन्नास किलोमीटरवर परत आवळा. इसरू नका."

दुसऱ्या दिवशी कोंडीबा कोकऱ्यांची म्हैस,
आडवं वासरू, अडीच तास.
परतताना पन्नास भरले ते बोरणे घाटातच,
अंधारात, सज्जनगडाचे दिवे समोर.
थांबलो. बॅटरी दातांत धरली,
हात अजून खांद्यापासून थरथरत होता.
पाना लावून उलटा ओढला.
सगळं अंग ओरडत होतं, सोडतोयस, अरे सोडतोयस!
एक हलला नाही.
दुसरा नाही, तिसरा नाही, चौथाही नाही.
पाचवा पाव फेरा गेला,
आणि थांबला.