निळं कुठवर

वॉटरबरीत, धुलाईच्या दुकानाला लागून,
अँजेलोच्या कॉमिक्सच्या दुकानात
दर शनिवारी चार वाजता जुंपते.
भांडण जुनंच. अंक चव्वेचाळिसावा, पान एकोणीस:
पूल कोसळलाय, नदी उकळतेय,
आणि पाण्यावर एकच मूठ.
कुणाची?

पितळ्याची, म्हणतो विटो.
पिवळा हातमोजा दिसत नाही?
बावीस वर्षं बस चालवतोय तो,
पिवळं कशाला म्हणतात हे त्याला शिकवू नये.

अमरिलिस दातांच्या दवाखान्यातून थेट येते,
डगलासुद्धा न काढता.
मनगट बघ, मनगट. हिरवं आहे.
शेवाळ्या जिंकला, विषय संपला.

विषय कसला संपतोय.
नदीची खोली निघते, पितळेचं वजन निघतं,
बाराव्या अंकातली कुणाची तरी शपथ निघते,
शेवटी विटोची सोडून गेलेली बायकोही निघते,
जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.
मी गल्ल्यावर असतो.
मला विचारलं तर 'दोघंही बुडाले' म्हणतो,
म्हणून मला कुणी विचारत नाही.

परवा बर्फ पडत होता.
शेजारी कपडे वाळेस्तोवर जरा उबेला
एक म्हातारी आत आली. ओडेट गॅन्यों.
हातात चिल्लरची पिशवी.
ऐकत राहिली बराच वेळ. मग म्हणाली, दाखवा बघू.
अँजेलो तो अंक सख्ख्या भावासाठीही
प्लास्टिकबाहेर काढत नाही.
त्यानं काढला.

"हे आमचंच काम. ब्रिजपोर्टला.
सगळ्या बायकाच. दर रंगाची फिल्म वेगळी.
माझ्याकडे पिवळा, शेजारी जोसेफिनकडे निळा.
एकावर एक पडले की हिरवं.
गोष्ट कोण वाचतंय, पानामागे पैसे मिळायचे.
त्या दुपारी जोसेफिनला कळा सुरू झाल्या.
ब्रश टाकून गेली तशीच."
तिनं मनगटावर नख टेकवलं.
"निळं इथवर आलंय.
पुढे न्यायचं होतं, का इथंच थांबायचं होतं,
ते जोसेफिनलाच ठाऊक."

भिंतीपलीकडे ड्रायर फिरत होता,
कुणाचं तरी बटण आत टकटक वाजत होतं.

मग अमरिलिसनं टेबलावर हात आपटला:
म्हणजे हिरवंच होणार होतं!
होणार होतं ते होणार होतं, विटो ओरडला,
छापलंय ते छापलंय!
अँजेलोनं कागद काढला, मतं घेऊ म्हणाला.

"काय झालं तिला?" मी विचारलं.
"मुलगी. पायाळू."
एवढ्या गलक्यात तिला ऐकू गेलं होतं.

मग खुर्ची ओढून बसली,
अंक उलटा चाळत पहिल्या पानावर आली
आणि ओठ हलवत वाचू लागली,
पिवळ्या रंगापाशी जरा जास्त थांबत.
शेजारचा ड्रायर कधी बंद पडला
तिला कळलं नाही.
सातव्या पानावर तिनं मला हळूच विचारलं,
"हे दोघं भांडतात कशावरून?"