कोंडाईबारीपलीकडचं डेन्मार्क

अमळनेरहून निघालो, अकीलभाईची ओम्नी,
मागच्या सीटवर गोधडी, गोधडीवर बिब्बा.
काळा म्हणून बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणूनही.
लोकेशनं नाव ठेवलं तेव्हा तो दहावीत होता.
आता ऑर्हूसला असतो.
ते गाव मला अजून नीट उच्चारता येत नाही,
पोस्टात तीस वर्षं पत्ते वाचूनसुद्धा.

वत्सलाबाई फाटकाशी आल्या होत्या:
"कुत्राले लिसनी लॉजवर चालनी? तुनं डोकं फिरनं का वं?"
मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.
आणि दार लावून घेतलं गाडीचं, दोनदा,
कारण ओम्नीचं दार एकदा लावून लागत नाही.

साक्री गेली, दहिवेल गेलं, घाट उतरला,
आणि सागाच्या पानगळीत एकदम
लाल लाकडी घरं, पांढऱ्या चौकटी,
सुरतेच्या कुणा कापडवाल्यानं वसवलेलं डेन्मार्क.
पवनचक्की होती. वारा पडला तरी फिरायची
आणि लाइट गेली की थांबायची.
सुरूच्या झाडांवर बर्फ म्हणून कापूस अंथरलेला.
मी हात लावून पाहिला.
बर्फात सरकी होती.

बिब्बाला त्यांनी लाल मफलर घातला.
त्याच्या वाडग्यावर नाव छापून ठेवलं होतं: बबिता.
मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही.
इंदूरचा एक पग बाबागाडीतून फिरत होता,
एका सोनेरी कुत्रीला सांताचा कोट होता, बटणांचा.
बिब्बा माझ्या पातळामागे उभा राहिला,
नव्या शाळेत पहिल्या दिवशी
लोकेश उभा राहिला होता तसा.
नाही, तसा नाही. लोकेश रडला होता.

पावणेआठला फोन लागला.
तिकडे सव्वातीन, आणि अंधारून आलेलं.
मी फोन फिरवून सगळं दाखवलं,
चक्की, घरं, कापूस.
तो हसला. म्हणाला, आई, अशी घरं
मी अजून इथं पाहिली नाहीत,
मी चौथ्या मजल्यावर राहतो, खाली कबाबचं दुकान आहे.
मग म्हणाला, बिब्बा कुठंय?

आवाज ऐकून बिब्बा उठला.
फोनच्या मागे बघितलं. पलंगाखाली बघितलं.
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी
त्या लाल घराचा एकेक कोपरा हुंगला
आणि दारापाशी जाऊन उभा राहिला,
उघड म्हणून.

म्हणून आम्ही बाहेर पडलो, अकरा वाजता, थंडीत.
रखवालदार दाविद गावित फाटकावर कुलूप लावत होता.
मावशी, खाली पाड्यावर चाललोय, म्हणाला, नाताळ ना आमचा.
बिब्बा त्याच्यामागे निघाला
आणि मी बिब्बाच्या मागे,
तुरीच्या शेताच्या बांधावरून, टॉर्चच्या उजेडात.

पत्र्याचं देऊळ, म्हणजे चर्च.
बांबूच्या टोकाला कागदाची चांदणी, आत बल्ब.
ढोल वाजत होता. मावची भाषेतलं गाणं,
त्यातला एकच शब्द मला कळला, येशू,
आणि एक बाळाच्या झोपेविषयी असावा
असं आपलं मला वाटलं.
चपलांच्या ढिगात बिब्बा जाऊन पडला,
मफलर एका पोरानं केव्हाच काढून घेतला होता.
दाविदची बायको रूथ, हाताला हळद,
मला भात वाढला, त्याला हाड.
कुणाचं कुत्रं, विचारलं तिनं.
पोराचं, मी म्हटलं.
तिनं पुढं विचारलं नाही, आणखी एक हाड टाकलं.

सकाळी हिशोब झाला.
बबितेचे वेगळे साडेसहाशे.
घाट चढताना बिब्बा खिडकीतून तोंड काढून होता,
कान मागे उडालेले, पुन्हा पिल्लू झाल्यासारखा.
दहिवेलला चहाला थांबलो
तर उतरल्या उतरल्या रस्त्याकडेला ओकला.
अकीलभाई वाकून बघत म्हणाले, काय खाल्लं हो यानं?
मीही वाकले.
थोडं हाड. थोडा बर्फ.