पाणसळ

लाकूड आमच्याकडे उगवत नाही, येतं.
सैबेरियातल्या कुठल्याशा नदीतून निसटलेले ओंडके
बर्फात अडकून, चार-पाच वर्षं भटकून
स्ट्रांदिरच्या या काळ्या किनाऱ्याला लागतात.
ज्याचा किनारा त्याचं लाकूड.
किनारा माझा होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी
धक्क्यावर कॉड तोलायचं काम सुटलं
आणि ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं.
पहिलंच पान : मेज. सोपं. शनिवार-रविवारात होईल.
मला सात आठवडे लागले.

पहिली करवत पहिल्याच ओंडक्यात बोथटली.
समुद्र लाकडाच्या पोटात मीठ ठेवून जातो
हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसावं.
शेजारचा सिग्व्हातूर, होड्या दुरुस्त करतो,
कुंपणापलीकडून म्हणाला, "वाळू झटकली होतीस?"
आणि उत्तर न ऐकता निघून गेला.
सकाळी दारात तीन पाती,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

गुण्या धरायला शिकले.
पटाशी आपल्यापासून दूर ढकलायची
हे माझ्या डाव्या अंगठ्यानं मला शिकवलं.
रंधा रेषेविरुद्ध गेला की लाकूड फिस्कारतं,
रेषेबरोबर गेला की एक लांब, पातळ पापुद्रा
गुंडाळत गुंडाळत वर येतो, डांबराचा वास घेऊन.
रात्रीचे अकरा. दिवा लावलेला नाही,
जुलैत कोण लावतो.
तो पापुद्रा मी कानामागे खोचला.
कुणी पाहिलं नाही.

कुसू जाड झालं. तासलं.
बारीक झालं. पाचर मारली.
पाचरीचा पुस्तकात उल्लेख नव्हता.

शेडमध्ये चारी पाय टेकले.
स्वयंपाकघरात आणलं आणि मेज डुगडुगलं.
एक पाय दोन मिलिमीटर कापला.
डुगडुगलं.
समोरचा कापला.
डुगडुगलं, आता दुसऱ्या बाजूला.
तिसऱ्या पायाला करवत लावली तेव्हा दिसलं,
गुडघ्यापाशी, फळ्यांवर, माझी पाणसळ पडलेली
आणि तिच्यातला बुडबुडा
खिडकीकडे पळालेला.

नाचता येईना, अंगण वाकडं
म्हणून ज्याला त्याला हसत आले मी आयुष्यभर.
अंगण वाकडंच होतं.
चुलीकडे उतरतं, खिडकीपाशी पुन्हा चढतं,
मध्ये कुठेतरी पीळ बसलेला.

ही जमीन माझ्या वडिलांनी घातली.
आस्मुंदूर. "मला येत नाही" हे वाक्य
त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.
आमचे गोळे, पेन्सिली, एकदा एक अख्खं अंडं
नेहमी चुलीखालीच का जाऊन थांबायचं
हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही.

चुलीजवळची फळी उचकटली.
खाली वाळकं समुद्रशेवाळ
आणि तुळईवर पाचरी, एकावर एक.
सात मोजल्या.
सर्वांत वर काड्यापेटीचा दुमडलेला पुठ्ठा.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
म्हणजे एखाद्या रात्री, आम्ही निजलेलो असताना,
ते इथेच असे गुडघ्यांवर बसले असणार,
सहावी मारून झालेली,
खिसे चाचपत.

फळी परत ठोकली.
पुठ्ठा काढला नाही.

मग मेज धरून फिरवत राहिले, बोटभर, बोटभर,
आणि एका जागी ते गप्प झालं.
आता ते तिथेच असतं, खोलीत तिरकं,
येता-जाता कोपरा कमरेला लागतो.
सिग्व्हातूर कॉफीला आला,
कप ठेवला, दोन्ही तळवे दाबून पाहिलं.
"तिरकं का?"
"असंच उभं राहतं."
त्यानं वाकून पाय पाहिले, दोन बुटके,
एकाला अर्धी खाच.
बोलला काहीच नाही, दुसरा कप मागितला.

पुस्तक परत करायची मुदत टळून गेलीय.
दुसरं पान : स्टूल.
तीन पायांचं.