पगार

ओदेमिराच्या टेकडीखाली, प्लास्टिकच्या बोगद्यांत
एर्मेलिंडा रासबेरी तोडते.
तोडते म्हणजे नुसती बोटं लावते.
पिकलेलं फळ आपणहून सुटतं,
कच्चं हट्ट धरून बसतं.

तिमोर सोडून सात महिने झाले.
आजीकडून पोर्तुगीज मिळाली, मोडकी, प्रार्थनेपुरती.
आईकडून इंडोनेशियन, शाळेत छडीखाली घोटलेली.
एक शब्द दोघींनी दिला, वेगवेगळ्या गाठोड्यांतून:
आजीचा ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं,
आईचा ‘पागार’ म्हणजे कुंपण.
लहानपणी तिला वाटायचं,
देणं फिटलं की माणसं मध्ये काट्या रोवत असतील:
आता तुझं तिकडे, माझं इकडे.

आमच्याही किनाऱ्याला तो गलबतातून उतरला.
आम्ही त्याचं क्रियापद काढून घेतलं
आणि एक तारखेला बांधून ठेवलं.

घरमालकीण दोना प्राझेरिश, ऐंशी पार, गुडघ्यांना घट्टे.
भाऊ अंगोलातून जिवंत परतला तेव्हा
फातिमाचं सगळं पटांगण गुडघ्यांवर ओलांडलं तिने.
त्यालाही ती पगारच म्हणते.
आपण म्हणू, नवस फेडला.

मुळात लॅटिन: शांत करणं.
ज्याचं देणं लागतो त्याचं मन शांत करणं.
तलवारीने गावंच्या गावं शांत केली,
तीही ह्याच शब्दाने.
आणखी खाली खणलं तर खुंटा ठोकणं, जखडणं;
तिथे आपला पाश भेटतो,
लग्नात ओळख दाखवणाऱ्या लांबच्या चुलत्यासारखा.
आईचं कुंपण ह्या कुळातलं नव्हे.
पण खुंटा तिथेही लागतोच.

शुक्रवार. ठेकेदार आला नाही.
हा तिसरा महिना.
गाडीभाडं कापायचं, गादीचं भाडं कापायचं,
पासपोर्ट त्याच्याच खणात, ‘सुरक्षित’.
फोनवर आई सगळं ऐकून घेते,
मग एवढंच म्हणते: पागार माकान तानामान.
कुंपणानेच शेत खाल्लं.
हे मला
कुणाला उलगडून सांगावं लागलं नाही.

रात्री सोळा खाटांच्या खोलीत
कुणीतरी वैतागून ओरडतं, “आपागा!”
दिवा मालव.
त्याच्याही पोटात तोच शब्द,
ज्योतीला शांत करणारा.

एर्मेलिंडा उठत नाही.
नखांत लाल रस घेऊन
ती वहीत डबे मांडते आहे,
तारीखवार.
अजून ऑगस्टच चालू आहे.