काठीवरची गाठ

पहाटे सव्वापाचला अस्नाकेच
भिंगाखाली टेफचं फूल उघडते.
फूल म्हणायचं आपलं.
खसखशीशेजारी ठेवलं तर खसखस थोराड दिसेल.
आत तीन परागकोश,
ते उजाडायच्या आत काढायचे,
नाहीतर हे फूल स्वतःचं लग्न
स्वतःशीच लावून मोकळं होतं.
चिमट्याचं टोक.
रोखलेला श्वास.
बाहेर बिशोफ्तूच्या तळ्यावर धुकं.

पलीकडच्या खोलीत यंत्र अक्षरं वाचतंय,
चारच अक्षरं, कोट्यवधी वेळा,
नुकतं गिरवायला शिकलेल्या पोरानं
पाटी भरून टाकावी तशी.
त्यात कुठेतरी बुटकेपणा लिहिलाय,
कुठेतरी तहान सोसणं.

टेफ म्हणजे म्हणे 'हरवलं'.
हातातून सुटला की दाणा सापडत नाही, म्हणून.
तिची आई पाखडताना
श्वाससुद्धा बेतानं घ्यायची.

सात वर्षं. एकशे चौऱ्याण्णव संकर.
मग ऑक्टोबरात अवेळी वादळ आलं,
सगळा शिवार गादी अंथरल्यासारखा लोळला,
आणि मधे एक तुकडा उभा:
क्रमांक एक्काहत्तर,
गुडघ्याएवढा, दाण्यानं वाकलेला,
पण उभा.
त्या दिवशी कॉफीच्या तिन्ही फेऱ्या झाल्या,
राजधानीहून आलेल्या साहेबांनी फोटो काढले.

वोल्देसेन्बेत बाबा तेवढे बांधावरून उठले नाहीत.
"दाणा झकास आहे, मुली.
बैल काय खाणार?"
थोड्या वेळानं,
"आणि भिंतीच्या चिखलात काय तुडवू?
तुझी अक्षरं?"

हसले सगळे.
ती नाही हसली.
काडाचा रकाना
वहीत नव्हताच.

म्हाताऱ्यानं काठी रोवली,
शाम्याची एक दशी ओढून
मांडीच्या वर, कमरेच्या खाली गाठ मारली.
"इथवर वाढव.
आणि पाडू नकोस."

काठी आता यंत्राच्या खोलीत आहे.
झाडणाऱ्या मुलानं दोनदा बाहेर नेऊन ठेवली,
दोनदा तिनं परत आणली.
यंत्राला ती गाठ वाचता येत नाही.
अजून.

सव्वापाच.
नवी वही, नवा रकाना: काड, बैलापुरतं.
पहिला परागकोश निघाला, दुसरा निघाला,
तिसरा चिमट्यातून निसटला,
काचेवर नाही, बोटावर नाही, बाहीवर नाही.
"टेफ," ती पुटपुटते,
आणि पुढचं फूल घेते.